चाल नाचरी, शब्द रडवे

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरची गोष्ट. गणपतीत एका मुलानं स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. चाल ‘झिंगाट’च्या धर्तीची आणि विषय बापाच्या कापसाला न मिळालेला भाव! ढोल वाजताच पोरं नाचू लागली. गाणारा मात्र हिरमुसला.

गदिमांचं ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, तेव्हा शब्द आधी यायचे. चाल नंतर सुधीर फडके बांधायचे. पॉपच्या वळणाच्या गाण्यात बहुधा ठेका आणि चाल आधी तयार असते. शब्दांना त्यात जागा शोधावी लागते.

त्या मुलाच्या ओळीचा शेवटचा सूर लांबवायचा होता आणि तिथं शब्द होता ‘कापूस’. आता ‘स’ लांबवणार कसा? तोंडातून नुसती हवा जाते. शेजारचे एक भजनी काका म्हणाले, ‘‘बाबू, पऱ्हाटी म्हण ना!’’ शेवटी ‘ई’ आली, सूर मोकळा झाला. शिवाय शब्द आपल्या वावरातला.

उलट, ठेका तुटक असेल तर व्यंजनावर संपणारा शब्दच हवा. ‘सैराट’मधल्या (२०१६) ‘झिंगाट’ची चाल अजय-अतुल यांनी ‘धडक’साठी (२०१८) हिंदीत नेली. अमिताभ भट्टाचार्य यांनी शब्द नवे लिहिले, पण ‘झिंगाट’ तसाच राहिला. म्हणून पाहा: ‘झिं’ नाकात घुमतो आणि शेवटचा ‘ट’ टिपरूसारखा ढोलावर पडतो. त्याला हिंदी पर्याय शोधून काय मिळालं असतं?

पण मात्रा जुळल्या म्हणजे भाव जुळला असं नाही. अंग हलवणाऱ्या ठेक्यावर सरळ रडगाणं घातलं, की ऐकणारा ठेकाच ऐकतो. मग दुःखाला नेहमी संथ चालच हवी का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या झडत्या आठवा. भर तोरणाखाली, बैलांच्या गर्दीत, खणखणीत आवाजात शेतकरी सावकाराची, सरकारची, स्वतःच्या फाटक्या धोतराचीही खिल्ली उडवतो. लोक हसतात, आणि बोल नेमका लागतो. जलद लयीत दुःख टोमणा होऊन येतं.

काकांनी मुलाला हेच सांगितलं. त्यानं बापाचे अश्रू काढून टाकले आणि व्यापाऱ्याचा काटा गाण्यात आणला. माल चढला की झोपणारा, पैसे मोजताना जागा होणारा. पुढच्या गणपतीतही पोरं नाचली. पण काट्याची ओळ आली, की मागं बसलेली म्हातारी मंडळी ओरडायची, ‘‘अजून एकदा!’’