पेटीबरोबर जाणारा दाखला



आपल्या कार्यक्षेत्रात नुसत्या उसावर राहिलेला शेतकरी आता थोडाच. मळ्यात ऊस, माळावर डाळिंब नाहीतर केशर आंबा, आणि ज्याला पाणी नि भांडवल झेपते त्याची द्राक्षबाग. १९९० साली रोजगार हमीला फळबाग योजना जोडली गेली तेव्हापासून माळरानाचे रूपच पालटले. त्यामुळे गटसभेत उसाच्या दराखालोखाल एक प्रश्न हमखास निघतो : "माल एवढा चांगला असताना परदेशवाले तो परत का पाठवतात?" त्याचा थोडा उलगडा या अंकात करण्याचे आम्ही योजले आहे.

साखरेला ही अडचण फारशी भासत नाही. रस तापवून, आटवून जी साखर होते तिच्यात अळी-अंडे कुठले उरायला? साखरेवरून देशादेशांत भांडण होते ते दराचे आणि अनुदानाचे. ताज्या फळाचे तसे नाही. त्याच्या पोटात बसून दुसरा जीव विनातिकीट समुद्र ओलांडतो.

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारताचा आंबा बंद केला. त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू हेही बंद झाले. कारण असे दिले की, २०१३ या एका वर्षात भारतातून आलेल्या फळे-भाजीपाल्याच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. एकट्या ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख भारतीय आंबे जात असत. ऐन हंगामात ते दार लागले, आणि बाहेर जाणारा माल मुंबईच्या बाजारात उतरला. भावाचे काय होणार ते सांगायला नको.

तेव्हा पुष्कळांनी विचारले, की इंग्लंडात आंबा पिकतच नाही, मग आंब्यावरच्या माशीची त्यांना एवढी धास्ती कशाला? प्रश्न रास्त आहे. पण माशी काही एका आंब्यावर जगत नाही. तिकडे काचघरांतून टोमॅटो आणि काकडी यांचे मोठे पीक घेतात. तिथली ऊब माशीला मानवली तर ती तिथेच ठाण मांडील, अशी तिकडच्या सरकारची भीती होती. आपल्याकडे पाहा. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेले गाजरगवत परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. आज बांधावर ते नाही असे गाव दाखवा! २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी सांगली-सोलापूरकडे मक्यात, काही ठिकाणी उसातही उतरली. कीड एकदा घुसली की तिला परत पाठवता येत नाही. माल मात्र परत पाठवता येतो, म्हणून बंदरावरच अडवाअडवी चालते.

यात मनमानी होऊ नये म्हणून १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेबरोबर एक करार लागू झाला. माणसाच्या, जनावराच्या आणि पिकाच्या आरोग्यासाठी कुठल्याही देशाला बंदी घालता येईल. पण त्या बंदीला शास्त्राचा आधार पाहिजे, आणि ज्या भागात कीड-रोग नाही तो भाग वेगळा धरला पाहिजे, असे त्यात आहे. आपल्या सरकारलाही हा करार नडला. बर्ड फ्लूच्या कारणाने आपण २००७ साली अमेरिकेची कोंबडी व अंडी बंद केली. एका राज्यात साथ आली म्हणून सगळ्या देशाचा माल का अडवता, अशी तक्रार अमेरिकेने नेली आणि २०१५ साली अंतिम निकाल आपल्या विरुद्ध गेला. सबब सांगायची तर ती पुराव्यानिशी सांगावी लागते, मग आपण असो की ते.

युरोपची आंब्यावरची बंदी २०१५ च्या हंगामाआधी उठली. भाज्यांना मात्र जास्त थांबावे लागले. बंदी उठली ती विनवण्यांनी नव्हे. आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवायचा, म्हणजे आतली अंडी-अळी मरते, अशी सोय झाली आणि तपासणी कडक झाली. गिऱ्हाईक बदलले की रीतही बदलते. जपानला वाफेची प्रक्रिया लागते; तिथली वीस वर्षांची बंदी २००६ साली उठली. अमेरिकेला भीती कोयीत दडणाऱ्या भुंग्याची. तो पाण्याने दाद देत नाही, म्हणून तिकडच्या आंब्याला विकिरण द्यावे लागते. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने जे केंद्र उभारले, तिथूनच २००७ साली हा आंबा निघाला. अट अशी की, अमेरिकेचा निरीक्षक जागेवर हजर पाहिजे. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे निरीक्षक आला नाही. झाडावर आंबा होता, गिऱ्हाईक होते, पण पेटी हलली नाही.

आणि कागद! मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या, त्या दाखला बरोबर नाही म्हणून. किडीचा प्रश्नच नव्हता. माल नष्ट करा किंवा परत न्या, असे सांगण्यात आले. परत आणण्याच्या भाड्यात आंबा परवडतो थोडाच? निर्यातदारांनी नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे सांगितले. चूक कोणाची यावर दोन्हीकडून बोलणे झाले, पण आंबा सडायला थांबत नाही. एवढ्यासाठी सबंध माल फेकायला लावणे आम्हाला जाचक वाटते. तपासून, दाखला दुरुस्त करून घेता आला असता.

द्राक्षवाल्यांना २०१० चा हंगाम आठवत असेल. वेलीची वाढ रोखण्यासाठी सर्रास वापरले जाणारे क्लोरमेक्वाट युरोपच्या प्रयोगशाळेत मण्यात सापडले आणि कंटेनर बंदरात अडकून पडले. आपल्याकडे जी औषधे तपासायची त्या यादीत ते नव्हतेच. शेतकऱ्याने यादी पाळली आणि तरी मार खाल्ला. याद्या दर वर्षी बदलतात, म्हणून दुकानदार सांगतो ते औषध न आणता चालू हंगामाची यादी पाहूनच फवारणी करावी.

ज्या सभासदांना आंबा, डाळिंब, द्राक्ष बाहेर पाठवायचे आहे त्यांनी हंगामाच्या आधीच तालुका कृषी कार्यालयात बागेची नोंदणी करून घ्यावी. आंब्याला मँगोनेट, डाळिंबाला अनारनेट, द्राक्षाला ग्रेपनेट अशी त्या नोंदणीची नावे आहेत. फवारणीची वही रोजच्या रोज लिहावी. मागाहून एका बसणीत लिहिलेली वही तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते. आंब्यात फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा लावावा. गळालेली फळे झाडाखाली ठेवू नयेत, खोल खड्ड्यात पुरावीत. शेजारच्या बागेत सडा पडलेला असेल तर तुमच्या सापळ्याचा उपयोग निम्मा, तेव्हा हे काम शिवारातल्या सगळ्यांनी मिळून केलेले बरे. लागण-खोडव्याच्या नोंदीसाठी आपण गट कार्यालयात येताच. त्याच वेळी फळबागेचे क्षेत्र आणि जातही सांगून ठेवावी.