नवे घर ताब्यात घेण्यापूर्वी पाहणी करा



बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, औताला जुंपून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. मात्र मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी नवे घर घेताना रंग आणि फरशी पाहून शेवटचा हप्ता देऊन टाकतो. माझ्या थोरल्या बंधूंनी असेच एक रो-हाऊस दिवाळीत ताब्यात घेतले. मे महिन्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या. वर्गात मी जमिनीचे प्रकार शिकवतो, पण घर पाहायला गेलो तेव्हा पायाखाली माती कोणती, हे विचारायचे मलाही सुचले नाही.

भारी काळ्या जमिनीतील स्मेक्टाइट गटातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात पडणाऱ्या भेगा आपण दरवर्षी पाहतो. पाया उथळ असेल तर हीच माती घराचा एक कोपरा उचलते व दुसरा खचवते. यासाठी पाया काळ्या थराखालील कठीण मुरमापर्यंत नेतात; थर फार खोल असल्यास तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब घालतात. म्हणून पाया किती फूट खोल आहे व कशावर टेकला आहे, हे बांधकामाच्या नकाशावर पाहावे. शेजारची पाच-सहा वर्षांची घरेही न्याहाळावीत. नव्या घराने अजून एकही उन्हाळा पाहिलेला नसतो, त्यांनी पाहिलेला असतो.

गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषांना घाबरू नये. तिरपी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग मात्र अभियंत्याला दाखवावी. नाण्याने गिलावा ठोकून पाहावा. पोकळ आवाज आल्यास तो सुटलेला आहे. गच्चीवर पाणी तुंबवून २४ तासांनी खालून छत पाहावे. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते का पाहावे. विजेच्या पेटीतील गळतीरोधक स्विचचे चाचणीचे बटण दाबावे. स्विच लगेच पडला पाहिजे. बांधकामाला खारे पाणी वापरले असल्यास भिंतीला लोणा लागतो, तेव्हा पाणी कोणत्या बोअरचे होते तेही विचारावे.

ही पाहणी बिल्डरच्या माणसाबरोबर नव्हे, तर आपण नेलेल्या स्थापत्य अभियंत्याबरोबर करावी. त्याची फी घराच्या किमतीपुढे फार नसते. पाहणीनंतरच शेवटचा हप्ता, अशी अट करारनाम्यातच घालून घ्यावी. दोषांची यादी दोन प्रतींत करून सही घ्यावी. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये.

स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष लक्षात आणून दिल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. तक्रार लेखीच द्यावी. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत घरांच्या योजनेला महारेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि तालुक्याच्या गावी बऱ्याच योजना एवढ्याच असतात. तेथे पाहणी अधिकच काटेकोर हवी.

बंधूंनी आता घराभोवती तीन फूट फरसबंदी करून भिंतीलगतचे केळीचे आळे काढले आहे. भेगांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचे आडवे पट्टे मारून त्यांवर तारीख घातली आहे. पट्टा तडकला, तर भेग अजून वाढते आहे असे समजावे. दोन पट्टे शाबूत आहेत, स्वयंपाकघरातला तडकला आहे.