नियम छापले, माणसं राहिली

पळवणकर विठ्ठल यांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत आलं. क्रिकेटवरची जी पुस्तकं मी वाचली, त्यांत हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कोथरूडमध्ये माझ्या ओळखीची कितीतरी घरं क्रिकेटवेडी आहेत, पण त्यांतल्या फार थोड्यांनी या पुस्तकाचं नाव ऐकलं आहे.

विठ्ठल हे डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पळवणकर यांचे धाकटे भाऊ. घर चांभार समाजातलं. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात बाळूंना महिना चार रुपये पगार होता. नेट लावायचं, रोलर फिरवायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे काम. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी, पण बाळूंच्या हाती बॅट कुणी दिली नाही. पुढे युरोपियनांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना घेतलं. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे; चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसानं ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते १९२३ साली विठ्ठल यांना मिळालं.

रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ हा क्रिकेटचा सामाजिक इतिहास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. पळवणकर बंधूंची हकिगत सांगताना विठ्ठल यांचं मराठी पुस्तक त्यांच्या कामी आलं. एका खेळाडूनं आपल्या भाषेत स्वतःचं आयुष्य लिहून ठेवलं, म्हणून अर्धशतकानंतर जगाला ते वाचता आलं. लिहिलं नसतं तर धावफलकावर आडनाव तेवढं उरलं असतं.

खेळाच्या पुस्तकाकडून माझी अपेक्षा हीच आहे. मी आधी खो-खो खेळले, नंतर निवृत्त होईपर्यंत शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. त्यामुळे खेळाची पुस्तकं मी खेळाडूच्या नजरेनं वाचते आणि त्यांत माणसं शोधते.

माझा भाचा वेल्समध्ये कार्डिफला असतो. तिकडचं रग्बी-फुटबॉलवरचं साहित्य मला त्याच्यामुळे कळलं. वेल्सची लोकसंख्या साधारण ३१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या पुणे महापालिकेइतकीच. एवढ्या लोकांनी आपल्या खेळाबद्दल किती लिहावं! डेव्हिड स्मिथ आणि गॅरेथ विल्यम्स या दोन इतिहासकारांनी १९८० साली ‘फील्ड्स ऑफ प्रेझ’ लिहिलं. वेल्सच्या रग्बी संघटनेचा हा शंभर वर्षांचा इतिहास तिथल्या विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढला. त्यात सामने आहेतच, पण त्याहून जास्त आहे ते दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या खाणींचं जग. कामासाठी चहूकडून माणसं आली, नवी गावं वसली आणि अनोळखी माणसं एका संघामागे उभी राहून एका गावाची झाली. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सनं न्यूझीलंडला ३-० असं हरवलं. त्या अख्ख्या दौऱ्यात न्यूझीलंडचा हा एकच पराभव. सामन्याआधी हजारो प्रेक्षकांनी मिळून वेल्सचं गीत गायलं होतं. ही आठवण तिथली शाळकरी पोरंही सांगतात, असं भाचा म्हणतो. फुटबॉलचंही तसंच. १९५८ च्या विश्वचषकात वेल्स उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलकडून एका गोलनं हरलं, गोल पेलेचा. ती हारसुद्धा त्यांनी जपून ठेवली आहे.

आपल्याकडे काहीच नाही, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ काढला. कुस्तीचे डाव, मल्लखांब, लाठी, देशी खेळ हे सगळं चित्रांसह समजावून सांगणारं एवढं मोठं काम मराठीत झालं, याचा मला फार अभिमान वाटतो. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमाराला आमच्या पुण्यातल्याच डेक्कन जिमखान्यानं बांधले, आणि १९३५ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं नियमांची पुस्तिका काढली. पाटीची लांबी-रुंदी, खांबाची उंची, गडी बाद कधी, सगळं तपशीलवार. या लोकांनी खेळाला शिस्त दिली. खेळणाऱ्यांबद्दल मात्र या पुस्तकांतून काही कळत नाही. ते त्यांचं कामही नव्हतं.

क्रिकेटला लेखक मिळाले. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांनी ‘शतकाकडे’ हे आत्मचरित्र लिहिलं. वयाच्या ५२ व्या वर्षी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतक ठोकणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणारच. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी खेळाडूंवर घरातल्या माणसांसारखं लिहिलं. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समधून कबड्डी, खो-खो, कुस्तीला क्रिकेटच्या बरोबरीनं जागा दिली. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी आपलं नाव पहिल्यांदा छापलेलं पाहिलं ते वर्तमानपत्रांच्या अशा पानांमुळे. पण वर्तमानपत्राचं पान दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं.

कुस्तीकडे पाहा. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्या कोथरूडमध्ये झाली. मातीच्या आणि गादीच्या कुस्त्या पाहायला मुळशी-मावळातून माणसं लोटली होती. शिवराज राक्षे जिंकला. खाशाबा जाधवांचं चरित्र पत्रकार संजय दुधाणे यांनी लिहिलं आहे, म्हणून कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीला कसा पोहोचला, ते नव्या मुलांना सांगता येतं. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुलं पदकापेक्षा घराबद्दल जास्त विचारायची. घर सुटलं का? पैसे कुणी फेडले? खेळाच्या पुस्तकात असायला हवेत ते हेच प्रश्न.

आता माझ्या खो-खोकडे येते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिला आणि पुरुष दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. त्या रात्री मी घरात एकटीच टाळ्या वाजवत होते. माझ्या कपाटात खो-खोचे नियम आहेत, प्रशिक्षणाची पुस्तकं आहेत. एखाद्या खेळाडूचं आयुष्य सांगणारं पुस्तक नाही.

ते कुणीतरी लिहायला हवं, आणि ज्यानं पाटीवर बसून खो घेतला आहे त्यानं लिहिलं तर फार बरं. आमच्या वेळी मातीवर, अनवाणी खेळ चाले. सूर मारला की कोपर, गुडघा, हनुवटी सोलून निघे, आणि घरी ते लपवावं लागे. आता मॅट आणि बूट आले. वेग वाढला, पावलं बदलली, एकेरी साखळीत पळणाऱ्या मुलीला वळायला वेगळा अंदाज घ्यावा लागतो. हा बदल कुणाच्या पायांनी कसा पचवला? रेल्वेत किंवा बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागली तेव्हा घरातलं काय बदललं? चांगल्या पळणाऱ्या किती मुली लग्न ठरल्यावर मैदानावर आल्याच नाहीत, आणि त्यांतल्या कुणी परत कशा आल्या? खांबावर गडी टिपण्याचं कसब कोणत्या गावातल्या कोणत्या मास्तरांनी कुणाला शिकवलं? ज्यांना हे माहीत आहे, ते सत्तरी-ऐंशीत आहेत. आमच्या डहाणूकर कॉलनीतल्या बाकावरही त्यांतल्या दोघी-तिघी संध्याकाळी भेटतात. वही आणि पेन घेऊन बसलं, तर त्या बोलायला तयार आहेत.