धरमशालेत मॅच बघायला जाताय? आधी परतीचं ठरवा

हिमाचलातल्या धरमशालेच्या मॅचचं तिकीट हाती आलं की निम्मं काम झालं, असं बरेच जण समजतात. खरी अडचण पुढेच आहे. सुमारे १,४५० मीटर उंचीवरच्या या मैदानात वीस हजारांवर प्रेक्षक बसतात आणि मॅच संपली की सगळे एकदमच डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर येतात. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकातली भारत-न्यूझीलंड लढत इथेच झाली. ती दिवस-रात्रीची होती, त्यात धुक्यामुळे खेळही मध्येच थांबला होता.

गोवा, बेळगाव आणि ग्वाल्हेरच्या प्रेक्षकांना गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन गाठता येतं. तिथून मेट्रोने, लाजपत नगरला गाडी बदलून, कश्मीरी गेट. तिथल्या बसस्थानकावरून हिमाचल परिवहनच्या, म्हणजे एचआरटीसीच्या रात्रीच्या बस सुटतात. इंदूरकरांचं त्या मानाने सोपं आहे. माळवा एक्स्प्रेस थेट पठाणकोट कॅन्टला जाते, पुढे रस्त्याने ८५-९० किलोमीटर. नकाशात पठाणकोटहून कांगड्याकडे छोटी रेल्वे दिसते, पण तिच्या भरवशावर बेत आखू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा तिचा पूल पुरात कोसळला होता.

मुक्काम मात्र विचार करून घ्यावा. बाहेरचे बरेच जण वर मॅक्लिओडगंजला उतरतात आणि मैदान असतं खाली. मधला रस्ता नऊ-दहा किलोमीटर, सगळा वळणांचा. एका वळणावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की मागची रांग हलत नाही, मग बस काय अन् टॅक्सी काय! फरक एवढाच, की अडकलेल्या बसचं भाडं वाढत नाही. २०२२ पासून दोन्हीकडे रोपवे आहे. सुमारे १.८ किलोमीटरचं अंतर दहा मिनिटांच्या आत कापतो आणि रस्त्यावरच्या कोंडीचा त्याला त्रास नाही. पण तो रात्री उशिरापर्यंत चालत नाही आणि वादळी हवेत थांबवावा लागतो.

म्हणजे दिवसाच्या मॅचला रोपवे उत्तम. दिवस-रात्रीची असेल तर खाली, मैदानापासून पायी जाता येईल अशी खोली बघावी. चार पैसे जास्त गेले तरी हिशेबाने तेच परवडतं. परतीची बस दुसऱ्या दिवशीची धरावी. त्याच रात्रीची बस पकडायची म्हणजे शेवटची षटकं सोडून पळणं आलं.

विमानाने जाणाऱ्यांनीही बसची चौकशी करून ठेवावी. ८ मे २०२५ ला पंजाब-दिल्ली आयपीएल सामना भारत-पाक तणावामुळे अर्ध्यावर थांबवून मैदान रिकामं केलं गेलं. विमानतळ बंद होता. खेळाडूंनासुद्धा रस्त्याने जालंधर आणि तिथून खास रेल्वेने दिल्ली गाठावी लागली. त्यामुळे धरमशालेत उतरल्या उतरल्या बसस्थानकावर पठाणकोट आणि दिल्लीच्या गाड्यांच्या वेळा विचाराव्यात आणि कागदावर लिहून घ्याव्यात. एवढ्या गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.