बॅटरी किती उरली, हे फोनला कसे कळते?

इथे डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडतो. अशा वेळी क्लासहून एकटे घरी येताना फोनवर १८% दिसतात, आणि पुढचा स्टॉप येईपर्यंत फोन बंद! बसचे तिकीट त्यातच, आईचा नंबरही त्यातच. म्हणून तो आकडा येतो कुठून, ते या अंकात सांगायचे आम्ही ठरवले.

पहिली गोष्ट म्हणजे तो आकडा अंदाजाचा असतो. बाटलीत डोकावले की पाणी दिसते. बॅटरीत तसे डोकावता येत नाही.

भारतातल्या तुमच्या आजीला हाच प्रश्न गॅसच्या सिलिंडरचा पडतो. आत १४.२ किलो गॅस येतो, पण किती उरला ते बाहेरून दिसत नाही. मग आजी काय करते? नवा सिलिंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करते. रोजचा स्वयंपाक किती, गणपतीत पाहुणे किती दिवस होते, यावरून तिचा हिशोब चालतो.

लंडनच्या सायॉन कंपनीने (मुंबईच्या सायन स्टेशनाशी हिचा काही संबंध नाही!) १९९३ मध्ये 'सीरीज ३ए' हा खिशात मावणारा कॉम्प्युटर काढला. तो दोन पेन्सिल सेलवर चाले. त्याची पद्धत थेट आजीचीच! सेल कोणत्या तारखेला घातले, तेव्हापासून यंत्र किती वेळ चालले आणि किती मिलिअँपिअर-तास खर्च झाले, हे तो पडद्यावर दाखवी. तुमच्यापैकी कुणाच्या बाबांकडे माळ्यावर तो अजून पडलेला असेल, जरूर विचारा.

मिलिअँपिअर-तास म्हणजे काय? समजा बॅटरी ४००० ची आहे. फोन २०० मिलिअँपिअर खात असेल तर ती २० तास पुरेल. व्हिडिओ गेम लावून ८०० खाऊ लागला तर ५ तासच. आजच्या फोनमध्ये एक छोटी चिप आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज सतत मोजते आणि बँकेच्या पासबुकासारखी जमा-खर्च मांडते. पण प्रत्येक मोजणीत किंचित चूक राहतेच. रोज दोन सेकंद मागे पडणारे घड्याळ वर्षाने बारा मिनिटे मागे असते, तसेच हे.

मग व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, का पाहू नये? लिथियमच्या बॅटरीचा दाब भरलेली असताना सुमारे ४.२ व्होल्ट असतो आणि संपत आली की साधारण ३.४. अडचण अशी की मधल्या मोठ्या टप्प्यात तो फारच हळू उतरतो. शिवाय फोनवर काम वाढले की दाब पडतो, थांबले की पुन्हा चढतो. म्हणून फोनमधला प्रोग्रॅम दोन्ही वापरतो: एरवी जमा-खर्च, आणि फोन शांत असताना किंवा बॅटरी अगदी भरली वा संपत आली की दाब पाहून दुरुस्ती.

आता थंडीतल्या त्या १८ टक्क्यांचे. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. वीज आत असते, पण फोनने एकदम जास्त मागितली की दाब कोसळतो आणि फोन स्वतःला बंद करतो. तो कोटाच्या आतल्या खिशात थोडा वेळ ठेवा. बहुतेक वेळा पुन्हा सुरू होतो.

बॅटरी जुनी झाली की आणखी एक घोळ. ४००० ची बॅटरी ३२०० ची होते, तरी भरल्यावर पडदा १००% च म्हणतो! जुने फोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून ॲपलने २०१७ मध्ये काही आयफोन सॉफ्टवेअरमधून मंद केले, पण ग्राहकांना ते स्पष्टपणे कळले डिसेंबरमध्ये. मंद करण्यामागचे कारण आम्हाला पटते. न सांगणे पटत नाही. पुढे मे २०१९ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने, बॅटरीची अवस्था आणि असे बदल ग्राहकांना स्पष्ट सांगू, अशी हमी कंपनीकडून घेतली.

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची कमाल क्षमता दिसते. पुढच्या शनिवारी घरातल्या एका फोनचा आकडा लिहून आणा. मात्र तो वर्गात मराठीत म्हणायचा. ७९ आणि ८९ वाल्यांनी आधीच आजीला फोन करून ठेवावा!