शिदोरीबरोबर एक पिशवी

१९४८ च्या कारखाने कायद्याने दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी ठेवण्याचे बंधन मालकावर घातले. पण ती पेटी कारखान्याच्या भिंतीआड राहिली. रात्री पिकाला पाणी द्यायला शिवारात जाणाऱ्या सालगड्याचे काय?

म्हणून आपल्या पूर्णेच्या कष्टकऱ्याने शिदोरीबरोबर एक वीतभर पिशवी न्यावी. तीत निर्जंतुक गॉज, गुंडाळायच्या पट्ट्या, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, साबणाची वडी आणि जलसंजीवनीची दोन पाकिटे असावीत. हातात बॅटरी हवीच.

विळा लागला तर गॉज ठेवून जखम घट्ट दाबून धरावी. घडोघडी उघडून पाहू नये. उन्हाने गळाठा आला तर सावलीत बसवून, एक पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यात कालवून घोटघोट पाजावे.

पान लागले तर मात्र पिशवीत काय नाही, हेच महत्त्वाचे. तीत ब्लेड नाही, आवळायला दोरी नाही. चिरा दिल्याने विष निघत नाही आणि करकचून बांधल्याने पाय गमावण्याचे भय असते. जोडवी, पैंजण काढावे, पायाला काठीचा आधार देऊन तो हलू देऊ नये, रोग्याला चालवू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांवरचे प्रतिविष तिथेच टोचतात.

पिशवी म्हणजे दवाखाना नव्हे; दवाखान्यापर्यंतची वाट ती सांभाळते. ती मालकाने द्यावी, हा आपला आग्रह राहीलच. पण तोवर रिकाम्या हाताने शिवारात जाऊ नये.