सायकल चालवून पगार मिळतो का? रशियाचा व्लासोव्ह आणि रशिया पार करणारे नागपूरचे डॉक्टर

तासगाव ते सांगली साधारण २५ किलोमीटर. पहाटे सायकलवर जाऊन-येऊन ५० झाले की स्ट्राव्हावर टाकण्याजोगा आकडा होतो. पण उद्या घरातल्या पोराने ‘मला सायकलिंगमध्येच करिअर करायचंय’ असं जाहीर केलं, तर पहिला प्रश्न ठरलेला : महिन्याला मिळणार किती?

दोन सायकलपटूंच्या वाटा पाहिल्या की या प्रश्नाचं उत्तर समजतं.

पगारी सायकलपटू म्हणजे कोण?

अलेक्सांद्र व्लासोव्ह, जन्म १९९६, गाव रशियातलं व्हिबोर्ग. २०१८ मध्ये त्याने इटलीतली २३ वर्षांखालील ‘जिरो’ जिंकली, २०१९ मध्ये तो रशियाचा रोड चॅम्पियन झाला. गाझप्रॉम-रुसव्हेलो या रशियन संघातून तो अस्तानाकडे आणि २०२२ मध्ये जर्मनीच्या बोरा संघाकडे गेला. त्याच वर्षी त्याने टूर द रोमांडी जिंकली आणि टूर द फ्रान्समध्ये तो पाचवा आला.

आपण आयटीत कंपन्या बदलतो, तसंच हे. यूसीआय या जागतिक संघटनेने पुरुषांच्या रोड संघांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत : कॉन्टिनेन्टल, प्रो टीम आणि वर्ल्ड टीम. वरच्या दोन पायऱ्यांवर किमान पगाराचा नियम आहे, सर्वांत खालच्या पायरीवर नाही. सायकल, मेकॅनिक, मसाज, हॉटेल हे सगळं संघाचं. बदल्यात अनेकांचं काम जिंकणं हे नसतंच. पुढाऱ्यासाठी वारा अडवायचा आणि मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, यासाठीही पगार मिळतो.

संघ गेला की नोकरी गेली. युक्रेनवरील हल्ल्यानंतर मार्च २०२२ मध्ये यूसीआयने रशियन संघांना बाहेर काढलं. गाझप्रॉम-रुसव्हेलोचे खेळाडू हंगामाच्या मध्येच रिकामे झाले आणि त्यात इटालियनही होते. व्लासोव्हचा संघ जर्मन, म्हणून तो टिकला. मात्र नावापुढे रशियाचा झेंडा राहिला नाही.

आणि आपल्याकडे?

नागपूरचे डॉ. अमित समर्थ पेशाने डॉक्टर, क्षेत्र सार्वजनिक आरोग्य. २०१७ मध्ये त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, तीही १२ दिवसांची मुदत संपायला काही तासच उरले असताना. त्याच वर्षी त्यांच्या थोडं आधी लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ पोहोचले होते. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी हीच शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली होती. चौघेही डॉक्टर! हा योगायोग मला तरी वाटत नाही. हातात दुसरा पेशा असल्याशिवाय हा खेळ परवडत नाही.

२०१८ मध्ये समर्थ थेट रशियात उतरले. ‘ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम’ ही मॉस्को ते व्लादिवोस्तोक शर्यत : सुमारे ९,१०० किलोमीटर, १५ टप्पे, २५ दिवस. म्हणजे तासगाव-सांगली जाणं-येणं १८२ वेळा. एकच टप्पा १,३०० किलोमीटरहून मोठा. तासगावहून मुंबई गाठली, परत आलात आणि पुन्हा मुंबईला गेलात तरी त्याहून कमी अंतर होतं. शेवटापर्यंत घड्याळ सात तासांनी पुढे सरकतं. समर्थ यांनी ती पूर्ण केली. व्लासोव्हच्या देशाची रुंदी पायडलवर मापली, पण महिन्याचा पगार देणारा संघ मागे नव्हता.

मग भारतात पैसा कुठून येतो?

बहुतेकदा रेल्वे किंवा लष्कराकडून. राष्ट्रीय सायकलिंग स्पर्धेत हे दोन्ही संघ उतरतात. खेळाडूला नोकरी मिळते, सराव तिच्या आधाराने चालतो. पगार असतो तो कर्मचारी म्हणून.

जानेवारी २०२६ मधली पुणे ग्रँड टूर इथे महत्त्वाची ठरते. यूसीआयच्या २.२ दर्जाची ही टप्प्यांची शर्यत ४३७ किलोमीटरची होती आणि भारतीय खेळाडूही तीत उतरले. या दर्जाच्या शर्यतीत वर्ल्ड टीम येत नाहीत. पण कॉन्टिनेन्टल संघ येतात, म्हणजे पहिल्या पायरीवरचे लोक आपल्याच घाटात भेटतात. क्रमवारीचे गुणही मिळतात.

यूसीआयच्या हिशेबात १७-१८ वर्षांचे ज्युनिअर, त्यानंतर ‘अंडर-२३’. व्लासोव्हने ‘जिरो’ जिंकली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. यंदा दहावीत असलेल्या पोराच्या हातात त्या वयापर्यंत साधारण सहा वर्षं आहेत.